ऑगस्टाला गेलात तर गोल्फ कुठे खेळायचं?

हा आपल्या पॉडकास्टचा लेखी अवतार. ज्यांना बसमध्ये नेट मिळत नाही, किंवा ज्यांचा इअरफोन पुन्हा एकदा एकाच कानात वाजायला लागलाय, त्यांच्यासाठी. बोलताना झालेले "अं" आणि "म्हणजे कसं आहे ना" काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून सुचला. पाठवणारा वर्ध्याचाच मुलगा आहे, नवी मुंबईत नोकरी करतो. तो म्हणतो, "दादा, मला तीन आठवडे ऑनसाइट पाठवून राहिले. अमेरिकेत ऑगस्टा म्हणून गाव आहे. क्लायंटनं कॉलवर विचारलं, गोल्फ खेळतोस का? आणि मी हो म्हणून बसलो. आता गुगल केलं तर ते गोल्फचं पंढरपूर निघालं! कुठं खेळू? का तब्येत बरी नाही म्हणून सांगून देऊ?"

मला हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी मी याच गावात, याच प्रश्नात अडकलो होतो. आणि मी पडलो सिंदी मेघेचा. आमच्याकडे खेळ म्हणजे मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलचं क्रिकेट, आणि बॉल कंपाउंडच्या पलीकडे गेला की मारणारा आऊट. गोल्फ फक्त टीव्हीवर चॅनेल बदलताना दिसायचं. त्यामुळे भाऊ, हे उत्तर तज्ज्ञाचं नाही. एकदा तोंडावर आपटून आलेल्या माणसाचं आहे.

आधी गाव समजून घे

ऑगस्टा हे अमेरिकेच्या दक्षिण भागात, जॉर्जिया राज्याच्या पूर्व टोकाला, सवाना नदीच्या काठावर आहे. नदी ओलांडली की साउथ कॅरोलिना राज्य सुरू. अटलांटाच्या विमानतळावर उतरून गाडीनं साधारण अडीच तास. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २ लाखांच्या आसपास. आपलं वर्धा शहर २०११ मध्ये १ लाख ६ हजारांचं होतं, म्हणजे वर्ध्याच्या दुप्पट धर. शहर छोटंच, पण एप्रिलच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात अख्ख्या जगाचे कॅमेरे तिथे असतात, कारण तिथे मास्टर्स स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला हिरवा कोट घालतात, तीच.

मास्टर्स होते ऑगस्टा नॅशनल या क्लबच्या मैदानावर. बॉबी जोन्स हा खेळाडू आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी तो क्लब काढला. मैदानाची आखणी जोन्स आणि ॲलिस्टर मॅकेन्झी यांची. जागा पूर्वी झाडांच्या नर्सरीची होती, म्हणून आजही तिथल्या प्रत्येक होलला झाडाचं किंवा फुलाचं नाव आहे. पहिली स्पर्धा १९३४ ची.

आता वाईट बातमी. तिथे तुला खेळता येणार नाही. पैसे भरून नाही, ओळखीनं नाही, कंपनीच्या लेटरहेडवर नाही. सदस्यत्वासाठी अर्जच नसतो, क्लब स्वतःहून बोलावतो. पाहुणा म्हणून जायचं तर सदस्यानं न्यावं लागतं. शिवाय उन्हाळ्यात क्लब काही महिने बंदच असतो. म्हणून "ऑगस्टात कुठे खेळू" या प्रश्नात सगळ्यात आधी हे नाव यादीतून काढ. अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

बघायला मात्र जाता येतं. मास्टर्सच्या तिकिटांची ऑनलाइन लॉटरी असते, आणि अर्ज साधारण आदल्या वर्षीच्या जूनमध्ये करावा लागतो. नंबर लागला तर आत दीड डॉलरला पिमेंटो चीझ सँडविच मिळतं. आणि हो, मोबाइल गेटच्या बाहेर. आपल्या श्रोत्यांपैकी किती जण दिवसभर फोनशिवाय टिकतील, मला शंकाच आहे!

फक्त त्या आठवड्यात कामासाठी ऑगस्टाला जाणं टाळता आलं तर टाळ. हॉटेलचे दर आभाळाला भिडतात, कितीतरी लोक स्वतःची घरं भाड्यानं देऊन गावाबाहेर जातात, आणि शाळांची सुट्टीसुद्धा मास्टर्सच्या हिशोबानं ठेवलेली असते.

मैदानांचे तीन प्रकार

पहिला, खासगी क्लब. सदस्य किंवा सदस्याचा पाहुणा, बाकी कोणी नाही. दुसरा, मधला प्रकार. सदस्य असतात, पण बाहेरच्यालाही ठरावीक वेळी पैसे भरून खेळता येतं. तिसरा, पब्लिक. यातच म्युनिसिपल येतो, म्हणजे नगरपालिकेच्या मालकीचा. वेळ बुक करायची, पैसे भरायचे, खेळायचं. तुझं आडनाव कोणी विचारत नाही.

कागदावर पाहिलं तर खासगी क्लबचं आमंत्रण सगळ्यात भारी वाटतं. फुकट, सुंदर मैदान, वर क्लायंटसोबत चार तास. मलाही तसंच वाटलं होतं. आता माझी गोष्ट ऐक.

मी पोचलो तिसऱ्या दिवशी क्लायंटकडच्या एका मोठ्या साहेबांनी शनिवारी त्यांच्या क्लबवर बोलावलं. क्लबचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती. मी गेलो जीन्स आणि गोल गळ्याच्या टी-शर्टमध्ये. दारातच एका माणसानं फार अदबीनं सांगितलं, सर, कॉलर लागते आणि जीन्स चालत नाही. आतल्या दुकानातून पॅन्ट आणि पोलो शर्ट घ्यायचं ठरलं. मी कार्ड काढलं, तर तिथे कार्ड चालेना, रोकडही चालेना. सगळं सदस्याच्या खात्यावर जातं. म्हणजे मंडळी, मी बीटेक झालेला, स्वतः कमावणारा माणूस, आणि माझ्या अंगावरची पॅन्ट क्लायंटच्या बिलात!

पुढचे साडेचार तास काय झालं ते थोडक्यात. अकरा बॉल हरवले. मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा. साहेब एका शब्दानं बोलले नाहीत, उलट दर वेळी "छान प्रयत्न" म्हणत होते. जेवण त्यांचंच, कार्ट त्यांचीच, भाड्याच्या स्टिक्सही त्यांच्याच खात्यावर.

सोमवारी मीटिंगमध्ये त्यांनी "दोन छोटे बदल" मागितले. ते छोटे नव्हते आणि ठरलेल्या कामातही नव्हते. एरवी मी सरळ म्हटलं असतं, चेंज रिक्वेस्ट टाका, एस्टिमेट देतो. त्या दिवशी तोंडातून शब्दच फुटला नाही. पुण्यातल्या माझ्या टीमनं शनिवार-रविवार बसून ते काम केलं. त्यातल्या एकीच्या घरी त्या रविवारी साखरपुडा होता. तिनं मला काही म्हटलं नाही, पण मला अजून आठवतं.

साहेब वाईट होते का? अजिबात नाही. कदाचित त्यांच्या मनातही नसेल. पण मिंधेपणा देणाऱ्याच्या मनात नसतो, घेणाऱ्याच्या मनात असतो. म्हणून माझं उत्तर गवत, तळी, नजारा यांच्यापासून सुरू होत नाही. तुझे पैसे तुला स्वतःला भरता येतील, अशी जागा निवड. बाकी सगळं त्यानंतर.

मग जागा कुठल्या?

एक, ऑगस्टा म्युनिसिपल. गावात याला सगळे "द पॅच" म्हणतात. १९२८ पासूनचं हे नगरपालिकेचं मैदान, डॅनियल फील्ड या छोट्या विमानतळाला लागून. वर्षानुवर्षं साधं, थोडं दुर्लक्षित, पण गावाचं स्वतःचं. अलीकडे ऑगस्टा नॅशनलच्या पुढाकारानं याचं मोठं नूतनीकरण हाती घेतलं गेलं. मुख्य मैदान टॉम फाझिओ आणि बो वेलिंग यांच्याकडे, आणि शेजारी छोट्या अंतराचा ९ होलचा कोर्स टायगर वुड्सकडे, अशी घोषणा २०२५ मध्ये झाली. ऑगस्टा टेक्निकल कॉलेजही यात आहे. जाण्याआधी त्यांच्या बुकिंगच्या पानावर वेळ आणि दर बघून घे. नवशिक्याला तो छोटा कोर्स सगळ्यात सोयीचा, कारण तिथे लांब मारायचा ताणच नाही.

दोन, फॉरेस्ट हिल्स. १९२६ चं मैदान, आखणी डोनाल्ड रॉसची. गोल्फच्या आखणीत हे नाव फार मोठं. १९३० च्या वसंतात बॉबी जोन्सनं साउथईस्टर्न ओपन ही स्पर्धा जिंकली, तिचा अर्धा खेळ इथे झाला होता, आणि त्याच वर्षी त्यानं त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. ऑगस्टा विद्यापीठाचा संघही इथलाच, २०१० आणि २०११ असा सलग दोनदा राष्ट्रीय विजेता. एवढा इतिहास असूनही बाहेरचा माणूस पैसे भरून खेळू शकतो.

तीन, नदीपलीकडचं एकेन गाव, गाडीनं अर्धा तास. तिथला एकेन गोल्फ क्लब १९१२ चा. नावात क्लब असला तरी बाहेरच्यांना खेळू देतात. मैदान लांबीला कमी, ६००० यार्डांच्या आत. तुझ्यासारख्यासाठी ही मोठी सोय आहे, कारण का ते पुढे सांगतो. त्याच गावात १८९२ चा पामेटो गोल्फ क्लब आहे. तो खासगी, पण मास्टर्सच्या आठवड्यात बाहेरच्यांसाठी उघडतात. आत्ता तुझ्या कामाचा नाही, माहिती म्हणून सांगितलं.

आणि अटलांटात एखादा दिवस मिळाला तर तिथल्या बॉबी जोन्स गोल्फ कोर्सवर जा. तो पब्लिक आहे. ९ होलचाच, पण असा आखलाय की एक दिवस एका दिशेनं खेळायचा, दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेनं. त्याच्या नावामागे एक गोष्ट आहे, ती शेवटी.

निवडताना काय बघायचं?

पहिलं, लांबी. प्रत्येक होलच्या सुरुवातीला वेगवेगळ्या रंगांच्या खुणा असतात, त्यांना टी म्हणतात. मागच्या खुणेवरून खेळलं तर अंतर जास्त, पुढच्या खुणेवरून कमी. एक सोपा हिशोब आहे. तुझ्या ५ नंबरच्या आयर्न स्टिकनं बॉल सरासरी किती यार्ड जातो ते बघ आणि त्याला ३६ नं गुण. १३० यार्ड जात असेल तर १३० गुणिले ३६, म्हणजे ४६८०. तेवढ्याच लांबीच्या खुणेवरून खेळ. पुढची टी बायकांची, मागची मर्दांची, असं कोणी म्हटलं तर दुर्लक्ष कर. मागून खेळून अकरा बॉल हरवलेला मर्द मी बघितलाय, रोज आरशात बघतो.

दुसरं, स्लोप. स्कोअरकार्डवर किंवा वेबसाइटवर हा आकडा असतो, ५५ ते १५५ च्या दरम्यान. ११३ म्हणजे मध्यम. पट्टीच्या खेळाडूच्या तुलनेत साध्या खेळाडूला मैदान किती जास्त जड जाईल, हे त्यावरून कळतं. आकडा १३० च्या वर दिसला तर पहिल्यांदा तिकडे फिरकू नको.

तिसरं, वेळ. १८ होलला चार-साडेचार तास लागतात. नवशिक्यानं ९ होलच बुक करावे. संध्याकाळी उशिराचा दर बऱ्याच ठिकाणी कमी असतो, त्याला ट्वायलाइट म्हणतात. गर्दीही कमी, त्यामुळे मागून बघणारेही कमी. बुकिंग मैदानाच्या साइटवर किंवा गोल्फनाऊसारख्या ॲपवर होतं. एकटाच असशील तर तुला दुसऱ्या ग्रुपमध्ये टाकतील. घाबरू नको, सुरुवातीलाच सांग की मी नवीन आहे.

चौथं, हवा. आपण विदर्भातले, ४५ डिग्री बघितलेले, म्हणून मी निवांत होतो. जून-जुलैत तिथे पारा पस्तिशीच्या आसपास असतो, पण हवेत इतका दमटपणा की घाम वाळतच नाही. त्यात दुपारनंतर वीज कडाडते. भोंगा वाजला की खेळ सोडून आत यायचं, झाडाखाली थांबायचं नाही. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळची पहिली वेळ घे. हिवाळ्यात तिकडचं बर्म्युडा गवत पिवळं-तपकिरी पडतं. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. फोटो बघून मैदान वाईट आहे असं ठरवू नको.

पाचवं, चालायचं की कार्ट घ्यायची. १८ होल म्हणजे सात-आठ किलोमीटर तरी चालणं. ९ होल चालत होतात, आणि पैसेही वाचतात. आधी फोन करून चालायला परवानगी आहे का आणि स्टिक्स भाड्यानं मिळतात का, एवढं विचार. स्टिक्स विकत घेऊ नको. बॅगेत १४ पर्यंत नेता येतात, पण तुला सहा-सात पुरतात.

कपडे म्हणशील तर कॉलरचा शर्ट आणि साधी कॉटनची पॅन्ट. पब्लिक मैदानावर इतकं कडक नसतं, पण माझी पॅन्ट आठव.

म्युनिसिपलच का म्हणतोय?

आता ती नावामागची गोष्ट. १९५१ मध्ये अटलांटात टप होम्स नावाचा एक चांगला खेळाडू आपले वडील आणि भाऊ यांच्यासोबत बॉबी जोन्स कोर्सवर गेला. वडील डॉक्टर. मैदान सरकारी, यांच्या करातून चालणारं. त्यांना परत पाठवलं, कारण ते कृष्णवर्णीय होते. त्या काळात दक्षिणेत नगरपालिकेची मैदानंसुद्धा गोऱ्यांपुरतीच असत. होम्स कोर्टात गेले. खालच्या कोर्टानं म्हटलं, खेळू द्या, पण वेगळं ठेवून. ते थांबले नाहीत. नोव्हेंबर १९५५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं वेगळेपणाचा तो निकाल रद्द केला, आणि डिसेंबरमध्ये ते अटलांटाच्या सरकारी मैदानावर खेळले. पुढे १९६१ मध्ये टपचा मुलगा हॅमिल्टन जॉर्जिया विद्यापीठात शिरलेल्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एक झाला.

खासगी दारं उघडायला आणखी वेळ लागला. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, १९७५ मध्ये खेळला. ऑगस्टा नॅशनलनं पहिला कृष्णवर्णीय सदस्य १९९० मध्ये घेतला, पहिल्या दोन महिला सदस्य २०१२ मध्ये. मात्र तिथे बॅग उचलणारे कॅडी आधीपासून कृष्णवर्णीयच होते. १९८२ पर्यंत मास्टर्सच्या प्रत्येक खेळाडूला क्लबचाच कॅडी घ्यावा लागे.

आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. पॅच सुरू झाला त्याच १९२८ साली आपल्या वर्ध्यात जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडलं. त्याआधी ते दार कोणाला बंद होतं, हे सांगायला नको. आणि गोल्फमध्येही, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या क्लबवरचा कॅडी होता. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबवर मैदानाची निगा राखायचे. खेळ यांना येतच होता. फक्त आत येण्याचा रस्ता बॅग उचलण्यातून होता.

म्हणून पब्लिक मैदानाच्या खिडकीवर पैसे भरून पावती हातात घेतली, की मला ती साधी पावती वाटत नाही. इथे मला कोणी आणलेलं नसतं. मी आलेलो असतो.

तर भाऊ, तू काय कर

जाण्याआधी दोन-तीन वेळा बॉल मारून बघ. तू नवी मुंबईत आहेस, सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स जवळच आहे, सदस्य नसलेल्यांनाही पैसे भरून जाता येतं. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोचला, आपण निदान बॉल हवेत जाईल इथपर्यंत तरी पोचू.

क्लायंटला मेसेज कर, "मी खेळतो म्हणालो, पण खरं सांगायचं तर नुकतंच शिकतोय." तब्येतीचं कारण देऊ नको. खोटं तीन आठवडे सांभाळावं लागतं, खरं एकदाच सांगावं लागतं. आणि त्यांनी क्लबवर बोलवायच्या आधी तूच बोलाव. पॅच किंवा एकेन, ९ होल, संध्याकाळची वेळ, दोघांचे पैसे तुझे.

मी माझ्या शेवटच्या आठवड्यात हेच केलं. साहेब आले, खूश झाले, म्हणाले लहानपणी अशाच मैदानावर शिकलो. माझे चार बॉल हरवले. मग बाहेर लाकडी बाकावर बसून हॉट डॉग खाल्ले, बिल मी दिलं. त्याच मंगळवारी त्यांनी पुन्हा एक "छोटा बदल" मागितला. मी म्हटलं, सर, चेंज रिक्वेस्ट टाका, एस्टिमेट देतो. ते म्हणाले, शुअर. बस, एवढंच. पुण्यातली मंडळी त्या रविवारी घरी होती.

जाऊन आलास की व्हॉइस नोट पाठव, किती बॉल हरवले ते सांग. बाकीच्यांनी पण ऑनसाइटला अशी कुठे फजिती झाली असेल तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर काळजी घ्या, आणि जीन्स घालून क्लबवर जाऊ नका. भेटूच!